व्याह्याचे घोडे आणि महाडची मुले

केरळात पूर येवो, नेपाळात भूकंप होवो, की गाझात माणसे उपाशी मरोत. महाविद्यालयातली चार मुले मदतीचा डबा घेऊन बाजारपेठेत उभी राहिली की एक म्हण हमखास ऐकू येते. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे. म्हणणारा बहुधा वाईट माणूस नसतो. डब्यात त्याने दहाची नोट टाकलेलीही असते. पण त्याचे मत पक्के असते: महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांनी इतके भोगलेले असताना इथल्या मुलांनी जगाच्या दुःखासाठी दारोदार फिरणे हा शहाणपणा नाही, मिरवणे आहे. हे मत आता इतके रुळले आहे की त्याला उत्तर देणाऱ्यालाच पिंजऱ्यात उभे राहावे लागते. पिंजरा मान्य. न्यायाधीश वाचक असावा, एवढीच विनंती.

प्रतिपक्षाची बाजू आधी तिच्या पूर्ण ताकदीने मांडतो, कारण ती हलकी नाही. 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते ही गावे दरडींखाली गेली. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्यासोबत एसटीच्या दोन गाड्या. 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळली. एकच माणूस वाचला. 24 ऑगस्ट 2020 ला महाड शहरात तारिक गार्डन ही इमारत कोसळून 16 जण गेले. 22 जुलै 2021 ला तळीयेत 80 हून अधिक माणसे मातीखाली गेली, त्याच दिवशी पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली, आणि महाडची बाजारपेठ सावित्रीच्या पुरात बुडाली. सोळा वर्षांत एवढे. प्रतिपक्ष विचारतो, हे सारे उशापायथ्याशी असताना तुम्हाला केरळातले वायनाड कसे दिसते? प्रश्न रास्त आहे.

शिवाय या मताला मोठ्या ठिकाणचे बळही मिळाले आहे. 25 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयापुढे गाझाच्या प्रश्नावर आझाद मैदानात निदर्शने करू देण्याविषयीची एक याचिका आली. ती फेटाळण्याचे कायदेशीर कारण वेगळे होते: परवानगीचा मूळ अर्ज याचिकाकर्त्या पक्षाचा नव्हता, दुसऱ्याच संस्थेचा होता. पण खंडपीठाने जाता जाता जे सुनावले तेच लोकांच्या लक्षात राहिले. देशात प्रश्न काय कमी आहेत, कचरा आहे, प्रदूषण आहे, सांडपाणी आहे, पूर आहेत. आधी आपल्या देशाकडे पाहा, असा त्याचा आशय होता. न्यायालयाचा आदर राखून एवढेच म्हणतो की तो शेरा होता, निवाडा नव्हता. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी परवानगी दिली आणि सभा झाली. युक्तिवाद मात्र तिथे संपला नाही. तो आपल्या नाक्यावर रोज चालतो.

या युक्तिवादाचा कणा 'आधी' या अटीत आहे. आधी आपले, मग परक्याचे. ऐकायला हा क्रम निर्दोष वाटतो. पण तो संपतो कधी? महाडचा पूर ओसरेल तेव्हा? 2005 चे दरडग्रस्त स्थिरस्थावर होताहेत तोवर 2016 आले, ते पुसले जाते न जाते तोवर 2020, आणि मग 2021. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला 'आता आपले सगळे झाले' असे म्हणण्याचा दिवस कधी उगवणारच नाही. ज्या अटीची पूर्तता कधीच होऊ शकत नाही ती अट नव्हे. तो नकार आहे, फक्त सभ्य कपड्यांतला.

इतिहासाची साक्ष काढू. 1938 साली चीनवर जपानचे आक्रमण चालू होते. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनावरून 7 ते 9 जुलै या तीन दिवसांत देशभर चीनसाठी निधी गोळा झाला. जमले सुमारे 22,000 रुपये. त्यातून पाच डॉक्टरांचे पथक निघाले आणि त्यात सोलापूरचा, पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत असलेला एक तरुण होता: द्वारकानाथ कोटणीस. त्या वेळच्या सोलापूरचे 'आपले' काय झाले होते? 1930 च्या मे महिन्यात त्या शहरावर मार्शल लॉ लागला होता. 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघा सोलापूरकरांना फाशी दिली गेली. देश पारतंत्र्यात होता, कंगाल होता, आणि खेड्यापाड्यांत त्याला स्वतःलाच डॉक्टर मिळत नव्हते. 'आधी आपले' म्हणायचा अधिकार इतिहासात कोणाला असेल तर तो त्या पिढीला होता. तिने तो वापरला नाही. पथकातले बाकीचे चौघे परत आले, कोटणीस राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिकडेच वारले. त्यांच्यामुळे सोलापूरचे काही कमी झाले असे आजवर कोणी म्हटलेले नाही. उलट शहर त्यांचे नाव अभिमानाने सांगते.

आता एक जरा कडू प्रश्न. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चौकात पैसे उधळले जातात तेव्हा 'आधी तळीये' असे कोणी म्हणते का? दहीहंडीच्या बक्षिसाची रक्कम जाहीर होते तेव्हा कोणाला केवनाळे आठवते का? दरडग्रस्तांची आठवण नेमकी तेव्हाच निघते, जेव्हा कोणीतरी दुसऱ्या कोणाला काही देऊ पाहते. मुलांनी गोळा केलेला पैसा दरडग्रस्तांच्या ताटातून काढलेला नसतो. तो वडापावातून, रिचार्जमधून आणि शनिवारच्या सिनेमातून निघालेला असतो. एका खिशात एकच करुणा मावते, एकाला दिली की दुसऱ्याला उरत नाही, हे गृहीतक या सगळ्या युक्तिवादाच्या तळाशी आहे आणि त्याला पुरावा कोणीच देत नाही. माझा अनुभव उलटा आहे, पण अनुभव हा पुरावा नव्हे, म्हणून वाचकालाच विचारतो. आपल्या गावात संकट आले तेव्हा खोरे-घमेले घेऊन आधी कोण धावले? दूरच्यासाठी डबा फिरवणारे, की डब्याला नावे ठेवणारे? गावातली नावे आठवा आणि मग निकाल द्या.

दुसरा मुद्दा अंतराचा. इथे प्रतिपक्षाची सर्वांत मोठी अडचण स्वतः महाडच आहे. कारण महाड कोणासाठी तरी कायम 'दूर' असते. 2021 चा पूर ओसरल्यावर शहरात गुडघाभर चिखल होता. तो काढायला मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या महापालिकांची पथके आली, आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून ट्रक आले. ज्या शहरांत दर जुलैत रेल्वेचे रूळ पाण्याखाली जातात, त्या शहरांतल्या नागरिकांनी 'आधी आमची गटारे' असे म्हटले असते तर ते तर्काला धरूनच झाले असते. त्यांनी तसे म्हटले नाही म्हणून आपली दुकाने पुन्हा उघडली. जे तत्त्व दुसऱ्याने पाळले असते तर आपण बुडालो असतो, ते तत्त्व आपण कोणत्या तोंडाने मुलांना शिकवावे?

प्रतिपक्ष म्हणेल, ठाणे-महाड हे अंतर निराळे आणि महाड-काठमांडू निराळे. मान्य. पण रेषा नेमकी कुठे मारायची ते त्यानेच सांगावे. तालुक्याच्या हद्दीवर? पोलादपुराची अर्धी घरे मुंबईच्या पगारावर आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांच्या वर्गणीवर उभी आहेत. देवळाचा कळस असो की शाळेचा पत्रा, पैसा घाटाखाली शिजत नाही, परळ-लालबागहून येतो. देशाच्या हद्दीवर? महाडच्या कित्येक घरांची चूल आखाती देशांतून आलेल्या पैशावर पेटते. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने परदेशातून आलेला लाल मिलो खाल्ला आहे; नाके मुरडून का होईना, खाल्ला आहे. आणि 25 एप्रिल 2015 ला नेपाळ हादरला, सुमारे 9,000 माणसे मेली, तेव्हा कोकणात आंब्याचा ऐन हंगाम होता. ज्यांची घरे तिकडे पडली त्यांतले कित्येक बाप आणि भाऊ इकडे आपल्या बागा राखत होते. काठमांडू नकाशावर दूर असेल. रात्री कलमाखाली बॅटरी घेऊन बसलेला माणूस दूर नव्हता.

तळीयेचा दाखला प्रतिपक्षही देतो आणि तो ऐकण्यासारखा आहे. दरड कोसळल्यावर रस्ते बंद झाले, बचाव पथकांना पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर हातांनी माती उपसली ती आसपासच्या वाड्यांतल्या लोकांनी. म्हणजे संकटात शेजारीच कामाला येतो. हे शंभर टक्के खरे आहे. पण ते बचावापुरते खरे आहे. बचाव तासांत मोजतात, पुनर्वसन वर्षांत. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापुरात इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा तळीयेची माणसे अजून कंटेनरमध्येच राहत होती. ती दोन वर्षे शेजाऱ्याच्या बळावर निभणारी नव्हती. शेजारी स्वतःच नागवलेला होता. दीर्घ पल्ल्याची मदत दुरूनच यावी लागते, कारण जवळ काही शिल्लक नसते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने 1,200 मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. लातूरच्या शेजाऱ्यांना त्या वेळी हे शक्य होते का?

तिसरा आक्षेप परिणामाचा: दोन-चार हजारांनी काय होते, ते पोहोचतात तरी का, आणि कपड्यांचे गठ्ठे रस्त्याच्या कडेला कुजतात ते वेगळेच. यातला शेवटचा भाग मी आनंदाने मान्य करतो. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले, ही मदतकार्यातली कुप्रसिद्ध गोष्ट आहे. फाटकी पातळे आणि विटलेल्या जीन्स पाठवणे म्हणजे स्वतःचे कपाट रिकामे करून दुसऱ्याच्या अंगणात कचरा टाकणे. पण हा आक्षेप कपड्यांवर आहे. पैशावर नाही. पैशाला ट्रक लागत नाही, तो वाटेत भिजत नाही, आणि ज्याला मिळतो तो त्याचे तांदूळ घ्यायचे की ताडपत्री हे स्वतः ठरवतो. थेंबाने काय होते, असे विचारणाऱ्यांनी 1938 चे 22,000 रुपये आठवावेत. देशव्यापी आवाहनातून जमलेली ती रक्कम त्या काळीही डोळे दिपवणारी नव्हती. तीतून काय उभे राहिले ते वर आले आहे.

हिशेबाच्या बाबतीत मात्र मी प्रतिपक्षापेक्षा कडक आहे. डब्याला कुलूप हवे. पावतीपुस्तक हवे. मोजणी त्याच संध्याकाळी चारचौघांसमोर व्हावी आणि आकडा दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर लागावा. क्यूआर कोड कोणा मुलाच्या मोबाईलचा चालणार नाही. तो नोंदणीकृत संस्थेच्या खात्याचाच हवा, आणि संकट परदेशातले असेल तर भारतात रीतसर नोंदणी असलेल्या संस्थेचाच. धर्मादाय आयुक्तांकडून कलम 41-क खालची परवानगी काढणे गणेशोत्सव मंडळांना जमते, तर महाविद्यालयाला का जमू नये? ज्या मुलाने एकदा असा चोख हिशेब लिहिला त्याला पुढे ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचताना घाम फुटणार नाही. गावात अशी माणसे फार झाली तर कोणाकोणाची गैरसोय होईल, हा वेगळा विषय.

विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा, हा आक्षेप मी एका परिच्छेदापेक्षा मोठा मानत नाही. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली, तीही गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात. तिच्या स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास समाजासाठी द्यायचे असतात. विद्यापीठेच ज्याला शिक्षणाचा भाग मानतात त्याला अभ्यासातला अडथळा म्हणणारे आपण कोण?

खरा वाद पुढे आहे. पैसे गोळा करा हवे तर, पण बोलू नका. निवेदने, सभा, पत्रके नकोत. ते राजकारण आहे. सौम्य शब्दांत सांगितलेला हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, आणि तो महाडमध्ये दिला जावा हे तर नवलच. लाडवली या महाड तालुक्यातल्या गावचा रामचंद्र बाबाजी मोरे नावाचा मुलगा हुशार होता, पण अस्पृश्य म्हणून त्याला महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला. त्याने काय केले? वर्तमानपत्राला पत्र लिहिले. पत्र छापून आले, दूरच्या लोकांनी ते वाचले, शाळेवर दडपण आले आणि प्रवेश मिळाला. बसावे मात्र वर्गाबाहेर लागले. ते पत्र हे राजकारण होते का? आणि ज्या अनोळखी वाचकांमुळे शाळा नमली त्यांना 'तुम्हाला महाडशी काय देणेघेणे' असे कोणी विचारावे का? हाच मुलगा मोठा झाल्यावर 1927 च्या महाड परिषदेच्या प्रमुख संघटकांपैकी एक ठरला.

त्या परिषदेची गोष्टही उगाळू नये इतकी माहीत आहे, पण तिचा एक पैलू या वादाला थेट लागू पडतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी आणला. 1924 च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, कागदावर. तीन वर्षे ते कागदावरच राहिले. परिषदेला जमलेल्या लोकांसाठी 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. मग 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्यावर गेली, आणि त्यांतली बहुतेक महाड शहरातली नव्हती. 'स्थानिक प्रश्न स्थानिकांनी पाहावा' हे तत्त्व त्या दिवशी चालले असते तर तळे कोणाचे राहिले असते? वाद न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 17 मार्च 1937 उजाडले. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे ही मंडळी त्या अन्यायाची बळी नव्हती. तरी ती बोलली. अन्याय ज्याच्यावर होतो त्यानेच बोलावे हा नियम अन्याय करणाऱ्याच्या फार सोयीचा असतो.

एक गोष्ट प्रतिपक्षाच्या पदरात टाकलीच पाहिजे. दूरच्या संकटावर बोलताना मुले कधीकधी घोषणांच्या नादात मढ्याचा धर्म आणि झेंडा पाहू लागतात. एका बाजूचे मूल मेले की पोस्टर, दुसऱ्या बाजूचे मेले की मौन. ही लबाडी आहे आणि शिक्षकाने ती तिथल्या तिथे दाखवून द्यावी. पण तिच्यावर उपाय तोंड बंद करणे हा नाही. जास्त वाचणे, जास्त विचारणे हा आहे. राज्यघटनेच्या कलम 51-अ मध्ये नागरिकाची जी मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत त्यांत मानवतावादाची जोपासना आहे. ते कलम 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने आले, मूळ मसुद्यात नव्हते. तरी आज ते आपल्याला बांधील करते. त्यात मैलांची मर्यादा घातलेली नाही.

आता वायनाड. 30 जुलै 2024 च्या पहाटे मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे दरडीने पुसून टाकली. अडीचशेहून अधिक माणसे गेली. पोलादपूरपासून ते शेकडो मैल दूर, भाषा वेगळी, अन्न वेगळे. पण डोंगर तोच. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 2011 साली तापीपासून कन्याकुमारीपर्यंतच्या पश्चिम घाटाचा एकच अहवाल दिला होता, कारण उताराला, पावसाला आणि खाणीला राज्याची हद्द कळत नाही. वायनाडच्या दुसऱ्याच दिवशी, 31 जुलै 2024 ला, केंद्राने पश्चिम घाटातल्या पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा काढला: एकूण 56,825 चौरस किलोमीटर, त्यांपैकी महाराष्ट्राचे 17,340. त्याच्या जोडयादीत महाड आणि पोलादपूर तालुक्यांतली गावेही आहेत. हरकती आणि सूचनांसाठी 60 दिवस होते. डोंगर पोखरू द्यायचा की नाही, घर कुठे बांधायचे, रस्ता कुठून काढायचा, हे सारे त्या यादीशी जोडलेले होते. कोणी तिच्या बाजूने लिहावे, कोणी विरुद्ध, पण आधी ती वाचावी तर लागते. चूरलमला कुठे आहे हे शोधून तिथल्यासाठी बाजारपेठेत उभ्या राहिलेल्या मुलीने ती यादी उघडून आपल्या वाडीचे नाव पाहिले असण्याचा संभव जास्त, की 'आपल्याला काय त्याचे' हे ऐकत मोठ्या झालेल्या मुलीने?